वैद्यकीय पात्रतेचे निकष आणि युद्धातील पूरक सेवा : ब्रिटिश सैन्यभरतीचा अनुभव (१९१४–१९१८)

प्रस्तावना

सैन्यभरतीतील वैद्यकीय तपासणी ही वरकरणी निव्वळ वैद्यकशास्त्रीय बाब वाटते. उंची, दृष्टी व श्रवणशक्ती तपासून उमेदवार पात्र की अपात्र हे ठरविणे, एवढाच तिचा हेतू असावा असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटनचा अनुभव मात्र वेगळे काही सांगतो. पात्रतेची रेषा उमेदवाराच्या शरीरप्रकृतीइतकीच शासनाच्या गरजेनुसार आखली जात होती. आघाडीमागील पूरक सेवांसाठी लावलेल्या निकषांच्या आधारे या विधानाची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उंचीचा निकष

ऑगस्ट १९१४ मध्ये पायदळासाठी किमान उंची ५ फूट ३ इंच होती. स्वयंसेवकांची रीघ लागताच सप्टेंबरमध्ये ती ५ फूट ६ इंच करण्यात आली. ऑक्टोबरमध्ये ती ५ फूट ४ इंचांवर आली व नोव्हेंबरमध्ये पुन्हा मूळ मर्यादेवर स्थिरावली. त्याच सुमारास बर्कनहेड येथे ५ फूट ते ५ फूट ३ इंच उंचीच्या पुरुषांच्या ‘बँटम’ पलटणी उभ्या राहू लागल्या. या अल्पावधीत ब्रिटिश तरुणांची उंची बदलली नव्हती. बदलली होती ती मनुष्यबळाची निकड.

श्रेणींची रचना

जानेवारी १९१६ च्या कायद्याने अविवाहित पुरुषांवर आणि मे महिन्यातील कायद्याने विवाहितांवरही लष्करी सेवेची सक्ती झाली. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप पालटले. ‘हा मनुष्य योग्य आहे काय?’ याऐवजी ‘हा मनुष्य कोणत्या कामासाठी योग्य आहे?’ असे विचारले जाऊ लागले. त्यातून ए, बी व सी या श्रेणी रूढ झाल्या. ‘ए’ श्रेणी प्रत्यक्ष लढाईची होती. गंभीर शारीरिक व्याधी नसलेल्या, परंतु लढाईचा ताण न सोसणाऱ्यांना ‘बी’ श्रेणीत घालून परदेशातील दळणवळण मार्गांवर, तर ‘सी’ श्रेणीतील लोकांना मायदेशातील ठाण्यांवर नेमावयाचे होते. पाच मैल कूच करू शकणारा, केवळ चालू शकणारा आणि बैठे कामच करू शकणारा, असे उपविभाग या दोन्ही श्रेणींत होते. ‘सी-३’ ही त्यांतील शेवटची पायरी होय.

श्रमिक दलाचा अनुभव

१९१७ च्या आरंभी स्थापन झालेल्या श्रमिक दलात प्रामुख्याने ‘ए-१’ खालील श्रेणींचे लोक होते. जखमी होऊन आघाडीवरून परतलेल्यांचाही त्यांत समावेश होता. रस्ते व लोहमार्ग बांधणे, दारूगोळा उतरविणे अशी कामे त्यांच्याकडे होती. युद्धसमाप्तीच्या वेळी या दलाची संख्या ३,८९,९०० इतकी, म्हणजे सैन्याच्या सुमारे एक-दशांश होती. लढाईस अयोग्य ठरलेल्यांना जड अंगमेहनतीस योग्य मानणे, हा या व्यवस्थेतील मूलभूत विरोध होता. शिवाय यांपैकी अनेक तुकड्या शत्रूच्या तोफांच्या टप्प्यातच काम करीत. मार्च १९१८ मध्ये जर्मन आक्रमण सुरू झाल्यावर त्यांच्यातील काहींना तातडीचे पायदळ म्हणूनही उभे करण्यात आले. कागदावरील श्रेणीचे संरक्षण संकटकाळी टिकले नाही.

नागरी नियंत्रण आणि आकडेवारीचा अर्थ

पूर्वी अपात्र ठरलेल्यांची पुन्हा तपासणी करण्याच्या १९१७ मधील धोरणामुळे तीव्र असंतोष निर्माण झाला. संसदीय समितीच्या चौकशीनंतर तपासणीचे काम युद्धखात्याकडून राष्ट्रीय सेवा मंत्रालयाकडे गेले व चार प्रतींची नवी पद्धत आली. नोव्हेंबर १९१७ ते ऑक्टोबर १९१८ या वर्षात झालेल्या सुमारे २४ लक्ष २५ हजार तपासण्यांत पहिल्या प्रतीत केवळ ३६ टक्के बसले. दहा टक्क्यांहून किंचित अधिक चौथ्या प्रतीत, म्हणजे सेवेस कायमचे अपात्र ठरले. सप्टेंबर १९१८ मध्ये मँचेस्टर येथील भाषणात पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी साम्राज्याच्या बळाशी जनतेच्या आरोग्याचा संबंध जोडला, तेव्हा ‘ए-१’ व ‘सी-३’ हेच शब्द त्यांनी वापरले.

तथापि ही आकडेवारी राष्ट्राच्या प्रकृतीचे यथार्थ चित्र मानता येत नाही. सुदृढ तरुणांपैकी पुष्कळसे आधीच सैन्यात गेले होते. निरनिराळ्या मंडळांचे मापदंडही एकसारखे नव्हते. इतिहासकार जे. एम. विंटर यांनी या मर्यादांकडे लक्ष वेधले आहे.

निष्कर्ष

वैद्यकीय श्रेणी ही शरीराचे वर्णन करण्यापेक्षा शरीराचा उपयोग ठरविणारी प्रशासकीय व्यवस्था होती, असे म्हणता येईल. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणामही झाला. सैन्यासाठी माणसे निवडताना कष्टकरी वर्गाच्या अनारोग्याची लेखी नोंद झाली, आणि युद्धानंतर सार्वजनिक आरोग्य व गृहनिर्माण यांविषयीच्या चर्चेत तिचा आधार घेतला गेला. अशा आकड्यांचा अभ्यास करताना कोण अपात्र ठरला याबरोबरच तो कोणाच्या गरजेसाठी व कोणत्या क्षणी अपात्र ठरला, हेही विचारणे आवश्यक ठरते.