भेट म्हणून आलेला कोंबडा

केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या भोजनगृहात अनेक वर्षं एक कोंबडा उभा होता. पितळी, तुऱ्यापासून पिसांपर्यंत नक्षीकाम केलेला. कॉलेजची स्थापना १४९६ सालची, संस्थापक बिशप जॉन अ‍ॅल्कॉक. त्यांच्या आडनावात 'कॉक' आला, म्हणून कॉलेजच्या चिन्हातही कोंबड्याची तीन मुंडकी आली. १९०५ मध्ये एका विद्यार्थ्याचे वडील कॅप्टन जॉर्ज विल्यम नेव्हिल यांनी हा कोंबडा कॉलेजला दिला, तेव्हा तो घरचाच वाटला असणार. कागदावर तो 'भेट' ठरला.

मंडळी, संग्रहालयात 'अमुक यांच्याकडून भेट' अशी पाटी आपण वाचतो आणि पुढे सरकतो. देणाऱ्याकडे ती वस्तू कुठून आली, हे पाटी सांगत नाही.

नेव्हिल लागोसमधले व्यापारी. १८९७ च्या मोहिमेबरोबर ते बेनिन शहरात गेले होते. हे बेनिन म्हणजे आजचा त्या नावाचा देश नव्हे. नायजेरियाच्या दक्षिणेतलं एडो लोकांचं जुनं राज्य. तिथल्या राजाला ओबा म्हणतात. राजमातेच्या निधनानंतर तिच्या स्मरणवेदीवर असे ओतीव कोंबडे ठेवले जात. मेणाचा नमुना करायचा, वर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. जग त्यांना 'बेनिनचे ब्राँझ' म्हणतं, पण त्यातले बहुतेक पितळेचेच आहेत.

जेम्स फिलिप्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८९६ मध्येच ओबाला पदच्युत करण्याची परवानगी लंडनकडे मागितली होती. राजवाड्यात सापडणाऱ्या हस्तिदंतातून मोहिमेचा खर्च भागेल, असा हिशेबही त्याने मांडला होता. उत्तराची वाट न पाहता तो निघाला. ओबा धार्मिक विधींत आहेत, आत्ता येऊ नका, हा निरोपही त्याने मानला नाही. जानेवारी १८९७ मध्ये वाटेतच तो आणि त्याचे बहुतेक गोरे सोबती मारले गेले. फेब्रुवारीत ब्रिटिश फौज बेनिनमध्ये घुसली. राजवाडा लुटला, शहर जळालं. ओबा ओव्होनरामवेन यांना कलाबारला हद्दपार केलं. १९१४ मध्ये ते तिथेच वारले. हस्तिदंताचा हिशेब मला त्या आगीहूनही भयंकर वाटतो. तो बदल्याचं निमित्त मिळण्याआधीचा आहे.

गंमत पाहा, 'लूट' हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच नेला. शब्द हाताशी होता, पण पाटीवर 'भेट' चढली. आपल्याकडे नजराणा निदान देणाऱ्याच्या मालकीचा तरी असे.

मार्च २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर कोंबडा भोजनगृहातून हलवला गेला. कॉलेजने चौकशीसाठी नेमलेल्या गटाने २०१९ मध्ये निष्कर्ष काढला : मालकी ओबांची. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी कोंबडा नायजेरियाच्या प्रतिनिधींकडे सोपवला गेला. कॉलेजला ते शक्य झालं. ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या नऊशेहून अधिक वस्तू आहेत; पण १९६३ चा कायदा काही मोजके अपवाद सोडता संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकू देत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कोंबडा बेनिन शहरातल्या राजवाड्यात पोचला. तो स्वीकारणारे ओबा एवुआरे दुसरे हे ओव्होनरामवेन यांचे खापरपणतू.