घाटातला खेकडा यार्डात

इस्लापूरसारख्या लहान स्थानकात गाडी येते, थांबते आणि निघून जाते. मोठ्या स्थानकाच्या यार्डात मात्र प्रवाशांच्या नजरेआड आणखी एक काम चालते. डबे सोडवायचे, दुसऱ्या रुळावर न्यायचे, नव्या क्रमाने जोडायचे. हेच शंटिंग. या कामाला वेग नको, ओढ हवी.

मुंबईत हे काम उतारवयात एका विजेच्या इंजिनाने केले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली. १९३० पर्यंत तारा घाट ओलांडून पुणे आणि इगतपुरीला पोचल्या. मालगाड्यांसाठी जी. आय. पी. रेल्वेने ४१ इंजिने घेतली. काही स्वित्झर्लंडमध्ये, बाकीची इंग्लंडमध्ये बांधलेली. दोन्ही टोकांना लांब नाक, चाके जोडणारे दांडे आणि उभे असतानाही येणारा कण्हल्यासारखा आवाज. कामगारांनी नाव ठेवले ‘खेकडा’!

घाटातले इंजिन यार्डात कसे रमले? बोर घाटात ३७ मीटर चालले की १ मीटर चढावे लागते. तिथे काय किंवा यार्डात काय, अडचण एकच: जड गाडी हलवताना चाक जागीच गरगरते. घर्षण चाकावरील वजनावर अवलंबून असते. खेकड्याचे सुमारे १२५ टन वजन चालत्या चाकांवरच होते. दांड्यांमुळे एका गटातली चाके एकत्र फिरत. एखादे एकटे घसरत नसे. शिवाय एकसर जोडणीच्या मोटरची ओढ सुरुवातीलाच सर्वाधिक असते.

१९७० नंतर घाटात चित्तरंजनची नवी इंजिने आली. खेकडे मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबईत डबे ढकलत राहिले. २०१६ मध्ये तर मुंबईच्या लोकलमार्गांवरचा १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाहही संपला.

मग देशातील बहुतेक यार्डांत डिझेल इंजिनेच का आली? विजेच्या इंजिनाला प्रत्येक रुळावर तार हवी. ती खर्चिक, आणि उघड्या वाघिणीत वरून माल भरताना धोक्याची. पण उभे डिझेल इंजिन चालू ठेवले तर तेल जळतच राहते. म्हणजे यंत्राची निवड केवळ यंत्र पाहून होत नाही.

‘सर लेस्ली विल्सन’ नावाचा खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. सहलीत तो दाखवा आणि मुलांना विचारा: हे दांडे कशासाठी?