रिकाम्या लाइनीचा हिशेब

आमच्या ट्रंक बोर्डवर मुंबईच्या पाच लाइनी होत्या आणि सकाळी अकराला त्या पुरत नसत. बाजार उघडला की अडत्यांचे कॉल सुरू. तिकिटावर नंबर, वेळ आणि कॉलचा प्रकार लिहायचा, तिकीट रांगेत लावायचं, लाइन मोकळी झाली की कॉर्ड उचलून जोडायची. दर दहा मिनिटांनी तेच अडते पुन्हा विचारणार, ‘ताई, लागतोय का? भाव उतरल्यावर लावून काय उपयोग?’ दुपारी तीनला मात्र त्यातल्या तीन लाइनी गप्प बसलेल्या असत आणि आम्ही मुली डबे उघडून बसायचो.

एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी नेमकं हेच पाहिलं. आम्ही जादा लाइनींचा अर्ज केला होता. त्यांनी कागद घेतला आणि तोंडी हिशेब मांडला. गर्दीच्या तासाला शंभर कॉल, सरासरी तीन मिनिटांचा एक, म्हणजे तीनशे मिनिटं. एका लाइनीला तासात साठ मिनिटं, तेव्हा पाच लाइनी पुरेत! ‘शिवाय दुपारी तुमच्या लाइनी मोकळ्याच असतात की.’ अर्ज परत आला. हिशेबात चूक आहे हे आम्हाला रोज कानांनी कळत होतं, कागदावर दाखवता मात्र येत नव्हतं.

पुढे खात्यातल्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करताना ‘एर्लांग’ हा शब्द भेटला. टेलिफोनच्या वर्दळीचं माप म्हणून. एक लाइन तासभर अखंड व्यापलेली राहिली की एक एर्लांग. मी तो व्होल्ट-अँपिअरसारखा घोकून टाकला. व्होल्टही माणसाच्या नावावरून आलाय हे तेव्हा डोक्यात नव्हतं, आणि एर्लांगही माणूसच होता हे कळायला बरीच वर्षं गेली.

आग्नेर क्रारुप एर्लांग, जन्म 1 जानेवारी 1878, डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग गावचा. वडील गावच्या शाळेचे मास्तर. चौदाव्या वर्षी, वय कमी म्हणून खास परवानगी काढून, हा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसला आणि पास झाला. पुढे काही वर्षं शिक्षकाची नोकरी केली. कोपनहेगनच्या गणितमंडळात त्याची ओळख योहान येन्सेन यांच्याशी झाली. हे येन्सेन म्हणजे गणिताच्या पुस्तकांत ज्यांच्या नावाची असमता आहे तेच. पोटासाठी मात्र कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता. त्यांच्या ओळखीने 1908 साली एर्लांग कंपनीत लागला. कंपनीचे संचालक योहान्सेन यांनी आदल्याच वर्षी कॉलची संख्या आणि वाट पाहण्याचा वेळ यावर लिहिलं होतं. म्हणजे प्रश्न विचारणारं माणूस वर बसलेलं होतं. आमच्या बाबतीत वर बसलेल्या माणसाकडे उत्तर आधीच तयार होतं.

नव्या नोकरीत त्याला खुर्ची मिळाली, पण सुरुवातीला हाताखाली माणसं नव्हती. रस्त्याखालच्या केबलींतली विजेची गळती मोजायची तर स्वतःच मॅनहोलमध्ये उतरायचं. मागून शिडी घेतलेला एक कामगार, पुढे गणिताचे हे गृहस्थ, अशी जोडी कोपनहेगनच्या लोकांच्या ओळखीची झाली होती म्हणे. मला हा एर्लांग आवडतो. आम्हीही वर्षातून काही दिवस दर कॉलला कागदावर एक रेघ ओढायचो. त्याला ‘पेग काउंट’ म्हणत. हेडसेट कानाला, एका हातात कॉर्ड, दुसऱ्या हातात पेन्सिल. आकडे असेच गोळा होतात.

1909 साली त्याने पहिला मोठा निबंध छापला. त्यात त्याने दाखवलं की कॉल एकमेकांशी संबंध न ठेवता, कधीही येत असतील, तर ठरावीक वेळात किती येतील याची शक्यता प्वासाँ या गणितज्ञाच्या नियमाने काढता येते. आमच्या भाषेत सांगायचं तर तासाला शंभर कॉल म्हणजे दर छत्तीस सेकंदांना एक असं कधीच होत नाही. पाच मिनिटं कोणी नाही आणि मग एका मिनिटात सात जण. आवंढा गिळायलाही फुरसत न मिळालेल्या कोणत्याही ऑपरेटरला हे ठाऊक होतं. त्याने ते आकड्यात बसवलं.

पण खरी निकड निर्माण केली ती यंत्राने. अमेरिकेत आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक होता. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय आला, आणि ऑपरेटरच नको म्हणून त्याने आपोआप चालणारं एक्स्चेंज काढलं. पेटंट 1891चं. (आमच्या धंद्याची कुऱ्हाड एका बाईवरच्या संशयातून घडली, हे मी नातवंडांना नेहमी सांगते.) आम्ही ‘थांबा हं ताई, दोन मिनिटं’ म्हणू शकत होतो. यंत्राला ते येत नाही. लाइन नसेल तर ते फक्त टूं-टूं करतं आणि कॉल बुडतो. मग किती लाइनी ठेवल्या तर शंभरात किती कॉल बुडतील, हे आधी माहीत हवं. एर्लांगच्या 1917 सालच्या निबंधात या प्रश्नाचं सूत्र आहे, आणि गिऱ्हाईक थांबायला तयार असेल तर किती थांबावं लागेल याचंही.

साहेबांचाच हिशेब त्या सूत्रात घालून पाहू. शंभर कॉल गुणिले तीन मिनिटं म्हणजे पाच एर्लांग. लाइनी पाच. उत्तर येतं की शंभरातले सुमारे अठ्ठावीस कॉल बुडणार. आठ लाइनी केल्या तरी सात बुडतात. शंभरात एकाहून कमी हवा असेल तर अकरा लाइनी लागतात, म्हणजे साहेबांच्या दुपटीहून जास्त. हे झालं यंत्राचं. आमच्यासारखी तिकिटांची रांग असली की दुसरं सूत्र लागतं आणि ते जास्त कठोर आहे. काम पाच एर्लांगचं आणि लाइनीही पाचच असतील, तर रांग वाढतच राहते, सरासरीला स्थिरावतच नाही. आमच्या टेबलावरचा तिकिटांचा ढीग हा आमचा आळस नव्हता, ते गणित होतं.

कॉल बुडण्याच्या सूत्राची दुसरी बाजू मात्र साहेबांना आवडली असती. पाच एर्लांगला अकरा लाइनी लागतात म्हणून पन्नास एर्लांगला एकशेदहा लागत नाहीत, चौसष्ट पुरतात. मोठ्या जथ्यात एकाची घाई दुसऱ्याच्या सवडीने भरून निघते. म्हणूनच चार गावांच्या थोड्या-थोड्या लाइनी वेगळ्या ठेवण्यापेक्षा एका मोठ्या केंद्रात एकत्र आणणं स्वस्त पडतं. आणखी एक गंमत म्हणजे कॉल बुडण्याच्या या सूत्राला बोलण्याच्या वेळेची फक्त सरासरी लागते. कोण तीन मिनिटांत उरकतो आणि कोण सासूची तब्येत नऊ मिनिटं सांगतो, याने उत्तर बदलत नाही.

एर्लांगने लग्न केलं नाही. पुस्तकं जमवली आणि दारी आलेल्या गरजूंना गाजावाजा न करता पैसे दिले. जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा घेतली नाही. 1929च्या जानेवारीत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात गेला आणि 3 फेब्रुवारीला वारला, एक्कावन्नाव्या वर्षी. मापाला त्याचं नाव आंतरराष्ट्रीय टेलिफोन समितीने 1946 साली दिलं.

त्याच्या गणितात एक गृहीत आहे, आणि आमच्या बोर्डावर तेच रोज मोडायचं. माणसं एकमेकांकडे न बघता फोन करतात, असं त्याने धरलं. आमच्याकडे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते. जास्त पैसे मोजले की तिकीट पुढे. एका अडत्याने अर्जंट लावला की शेजारचाही लावायचा. सणाच्या आदल्या दिवशी सगळेच अर्जंट, म्हणजे पुन्हा सगळे ऑर्डिनरी, फक्त पैसे दुप्पट. 1967 साली लिओनार्ड क्लाइनरॉक या अमेरिकन अभियंत्याने रांगेत पुढे सरकण्यासाठी किती लाच द्यावी यावर चक्क शोधनिबंध लिहिला. आमच्या खात्याने ती लाच पावती देऊन घेतली, एवढाच फरक. दोन वर्षांनी पिन्हास नाओर या संशोधकाने दाखवलं की प्रत्येकजण स्वतःपुरता विचार करून रांगेत उभा राहिला तर रांग सगळ्यांच्या हिताहून लांब होते, आणि योग्य शुल्क लावलं तर ती आवरता येते.

खात्याने शुल्क लावून पाहिलंही. देशातली पहिली एसटीडी सेवा, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी डायल करण्याची सोय, 1960 साली कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली. ती आमच्या गावापर्यंत पोचली तेव्हा दिवसाची गर्दी कमी व्हावी म्हणून रात्रीचे दर उतरवले होते: आधी निम्मे, मग त्याहून कमी, अकरानंतर पावपट. मी तेव्हा बोर्डावरून उठून दुसऱ्या कामाला लागले होते. रात्री जेवून फिरायला निघाले की पिवळ्या बूथसमोर माणसं घड्याळाकडे बघत उभी असलेली दिसायची. कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाची मुलगी बडोद्याला. अकरा वाजले की सगळे एकदम डायल करायचे आणि लगेच टेप वाजायला लागायची, या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत. टेपमधला आवाज बाईचाच होता.