फूल पडलेला डोळा आणि बुबुळरोपण

डोळ्यात फूल पडते ते कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर. शहापूर-मुरबाडसारख्या भातपट्ट्यांत त्याची जुनी कारणे तीन: देवी, मुलांमधील अ जीवनसत्त्वाची उणीव आणि झोडणीच्या वेळी डोळ्यात गेलेले भाताचे कुसळ. कुसळाचा ओरखडा दिसतही नाही. पण त्यात बुरशी शिरली की काही दिवसांत पांढरा व्रण होतो. झाडपाल्याचा रस घालण्यात वेळ गेला, तर व्रण भरला तरी फूल राहते. देवीचा शेवटचा रुग्ण देशात 1975 मध्ये आढळला. कुसळाचा धोका दर हंगामाला आहेच.

यावर शस्त्रक्रियेचा इलाज प्रथम साधला तो मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे. 7 डिसेंबर 1905 रोजी नेत्रतज्ज्ञ एदुआर्द त्सिर्म यांनी चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या मजुरावर कॉर्नियाचे रोपण केले. कॉर्निया मिळाला होता अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातून. दुखापतीमुळे तो डोळा काढावाच लागणार होता. दोनपैकी एक रोपण स्वच्छ राहिले. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने शरीर परक्या ऊतीवर सहसा लगेच उठत नाही, म्हणूनच हे शक्य झाले.

पुढे ओडेसात नेत्रतज्ज्ञ फिलातोव्ह यांनी मृतांचे डोळे वापरण्याची पद्धत रुजवली. भारतातील पहिली नेत्रपेढी 1945 मध्ये मद्रासला निघाली. मुंबई राज्याने 1957 मध्ये कॉर्निया रोपणाचा कायदा करून मृताचे डोळे काढून घेण्यास कायदेशीर आधार दिला. अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा त्यानंतर सदतीस वर्षांनी आला. तरी वेळेची ओढ होतीच. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात आणि तेव्हा ते लगेच वापरणेही भाग असे. मॅककेरी व कॉफमन यांच्या कॉर्निया टिकवणाऱ्या 1974 च्या द्रावणाने सुमारे चार दिवसांची मुदत मिळाली.

रोपण किती टिकेल हे मात्र मूळ आजारावर फार अवलंबून असते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पाच वर्षांनंतर एकंदर सुमारे 47 टक्के रोपणे स्वच्छ होती. कॉर्निया शंकूसारखा पुढे येणाऱ्या केरॅटोकोनसमध्ये हे प्रमाण सुमारे 95 टक्के होते. जुन्या व्रणात रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, त्यामुळे शरीर नवा कॉर्निया नाकारण्याची भीती तिथे अधिक.

कॉर्नियात ठिपके पाडणारा मॅक्युलर डिस्ट्रॉफी हा विरळा आनुवंशिक आजार याहून वेगळा. ग्रोएनाउ यांनी 1890 मध्ये कॉर्नियातील अशा ठिपक्यांचे वर्णन केले. कारणीभूत जनुक 2000 मध्ये सापडले. सदोष जनुक आईवडील दोघांकडून आले तरच आजार होतो, म्हणून मामाच्या मुलीशी लग्नासारख्या जवळच्या नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. यात रोपण बहुधा चांगले टिकते, पण काही वर्षांनी नव्या कॉर्नियातही ठिपके परतू शकतात. आतला थर निरोगी असेल तर तो तसाच ठेवून पुढचे थर बदलता येतात. मग त्या थराला नाकारण्याचा प्रश्नच येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने स्टेरॉइडचे थेंब आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ टाक्यांची देखरेख लागते. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. शहापूरकडच्या उंबरमाळीच्या रुग्णाला हे किती जड जाते पाहा: तिथले स्टेशन कसारा मार्गावर, खर्डीच्या पुढे आहे. तिथून मुंबईचा लोकल प्रवास अडीच तासांच्या आसपासचा, शिवाय पाड्यापासून स्टेशनापर्यंतची पायपीट आणि बुडालेली मजुरी. अशा रुग्णासाठी जवळच्या सरकारी रुग्णालयात थेंब आणि तपासणी मिळणे हा उपचाराचाच भाग आहे.