तळटीप १७ : पोलिसिंगची मर्यादा
१७. पोलिसिंग : नेटवर्क स्विचमधून जाणाऱ्या एखाद्या प्रकारच्या वाहतुकीला वेगाची मर्यादा घालून, ती ओलांडणारी पाकिटे टाकून देण्याची किंवा खालच्या प्राधान्याची खूण करून पुढे सोडण्याची पद्धत. ‘शेपिंग’मध्ये जादा पाकिटे रांगेत थांबवली जातात; येथे रांगच नसते. केंद्राने मार्च २००५ मध्ये मंजूर केलेल्या राज्यव्यापी नेटवर्कच्या (स्वान) योजनेत तालुका मुख्यालयापर्यंत किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमता अपेक्षित होती. इतक्या अरुंद जोडणीवर व्हिडिओ कॉन्फरन्स आणि फायली एकत्र धावू लागल्या, की अशी मर्यादा घालणे भाग पडते. तिचे माप ‘टोकन बकेट’ या हिशेबाने ठेवतात : ठरलेल्या वेगाने टोकन जमा होतात, पाकिटागणिक ते खर्च होतात, आणि बादलीची खोली, म्हणजे ‘बर्स्ट’, एकदम किती माहिती जाऊ द्यायची ते ठरवते. वेग बिटमध्ये आणि बर्स्ट बहुधा बाइटमध्ये लिहिला जात असल्याने आठपटीची चूक येथे सहज होते. बर्स्ट तोकडा असला, तर पाकिटे घोळक्याने गळतात, टीसीपी आपला वेग आवरता घेतो आणि सरासरी वेग मर्यादेच्या बराच खाली राहतो. अशा वेळी मर्यादा वाढवणे हा चुकीचा, तरीही सर्रास योजला जाणारा उपाय होय. वाढवायला हवा तो बर्स्ट : २ मेगाबिटसाठी दीड सेकंदाच्या हिशेबाने तो ३,७५,००० बाइट येतो. पोर्टवरील त्रुटींचा आकडा स्थिर असून पोलिसरने टाकलेल्या पाकिटांचा आकडा वाढत असेल, तर केबलवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.