अ‍ॅनी न्यूटनची न झालेली लढत



शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनमधली ही खरी गोष्ट. अ‍ॅनी न्यूटनचा नवरा पहिल्या महायुद्धात गेला. पदरी एक मुलगी. तिचे काका बॉक्सिंग शिकवायचे, म्हणजे हातात जाड मोजे घालून ठोसे मारायचा खेळ. अ‍ॅनी त्यांच्या तालमीत उतरली, शिकली आणि पुढे दुसऱ्यांना शिकवूही लागली.

१९२६ साली हॅकनी भागात तिची मॅज बेकर हिच्याशी लढत ठरली. झालं, बोभाटा सुरू! महापौरांनी हरकत घेतली. खुद्द गृहमंत्री जॉइन्सन-हिक्स यांनाही हा प्रकार लाजिरवाणा वाटला. लढत रद्द झाली.

अ‍ॅनी गप्प बसली नाही. यात बाईची अब्रू जाते म्हणता, मग फरश्या घासण्यात ती राहते का? आणि कष्ट तरी कशात जास्त? असा तिचा सवाल होता. मला तो फार पटतो. विधवा फरशी घासायला निघाली असती तर एकाही मंत्र्याची झोप उडाली नसती.

ब्रिटनमध्ये बाईला पैसे घेऊन बॉक्सिंग लढण्याचा परवाना मिळायला १९९८ साल उजाडलं. जेन काउचला त्यासाठी बॉक्सिंग मंडळाविरुद्ध दाद मागावी लागली. पाळीच्या दिवसांत बायकांचं मन थाऱ्यावर नसतं, असंही कारण मंडळाने पुढे केलं होतं! ती जिंकली.

ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग आलं ते २०१२ साली, लंडनमध्येच. तिथूनच आपली मेरी कोम कांस्यपदक घेऊन आली.