बालकांचे बुद्धिबळ शिक्षण

बालकांचे बुद्धिबळ शिक्षण म्हणजे साधारणतः पाच ते बारा वर्षे वयोगटातील मुलांना बुद्धिबळाचे नियम, डावाची मूलतत्त्वे आणि विचार करण्याची पद्धत क्रमाक्रमाने शिकविणे होय. हे शिक्षण घरी, शाळेत किंवा स्वतंत्र वर्गांत दिले जाते. त्यामागे दोन भिन्न हेतू असतात. स्पर्धात्मक खेळाडू घडविणे हा एक, आणि खेळाच्या द्वारे एकाग्रता, स्मरण व तर्कशक्ती यांचा विकास साधणे हा दुसरा. यांपैकी दुसरा हेतू कितपत सफल होतो, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

अध्यापनाचा क्रम

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असून प्रत्येक पक्षाकडे १६ मोहरे असतात. लहान मुलांच्या हाती हे सर्व मोहरे एकदम न देता प्रारंभी केवळ प्याद्यांचा डाव खेळविण्याची पद्धत प्रचलित आहे. ज्याचे प्यादे पलीकडच्या अखेरच्या ओळीत प्रथम पोहोचते, तो जिंकतो. त्यानंतर हत्ती, उंट, वजीर व राजा यांच्या चाली शिकविल्या जातात. घोड्याची अडीच घरांची चाल मुलांना अवघड जात असल्याने ती बहुधा शेवटी येते. शह, मात आणि कोंडी यांतील भेद हा पुढचा टप्पा होय. राजाला शह नसताना खेळाडूला एकही वैध चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. जिंकत आलेला डाव असा हातचा गेल्यावर हा नियम मुलांच्या पक्का ध्यानात राहतो.

मोहऱ्यांचे तुलनात्मक मोल सामान्यतः प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९ असे मानले जाते. त्यामुळे कोणता मोहरा देऊन कोणता घेणे लाभाचे, याचा हिशेब लहान मूलही बेरीज-वजाबाकीने करू शकते.

घरातील वडीलधाऱ्यांकडून खेळ शिकलेल्या मुलांना काही नियम नव्याने शिकावे लागतात. पारंपरिक देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्यास पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा असते. देशी खेळात राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. आंतरराष्ट्रीय खेळात त्याऐवजी राजा व हत्ती यांनी एकाच वेळी करावयाचे कॅसलिंग आहे.

खेळातून घडणाऱ्या सवयी

सापशिडी किंवा लुडो यांप्रमाणे बुद्धिबळात फाशाचे दान नसते. हारजीत खेळाडूच्या निर्णयांवर ठरते, म्हणून आपल्या चालीचा परिणाम मुलाला थेट दिसतो. स्पर्धेतील नियमानुसार खेळण्याच्या हेतूने हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो व केलेली चाल परत घेता येत नाही. त्यामुळे आधी विचार आणि मग कृती हा क्रम अंगवळणी पडण्यास मदत होते. प्रतिस्पर्ध्याची चाल होईपर्यंत थांबणे, त्याच्या चालीमागील हेतू ताडणे, डावाच्या आरंभी व शेवटी हस्तांदोलन करणे आणि पराभव स्वीकारणे हेही या शिक्षणाचे अंग आहे.

चालींची लेखी नोंद ठेवण्याची प्रथा शैक्षणिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. प्रत्येक घराला उभ्या ओळीचे अक्षर व आडव्या ओळीचा अंक मिळून एक नाव असते. ही रचना गणितातील निर्देशकांसारखीच आहे. नोंदीच्या आधारे डाव पुन्हा मांडून चूक नेमकी कोठे झाली हे मुलाला स्वतः शोधता येते.

संशोधन

विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निष्णात खेळाडू प्रत्यक्ष डावातील स्थिती क्षणभर पाहून नवशिक्यांपेक्षा पुष्कळच अचूक मांडू शकतात, असे आढळले. मोहरे यदृच्छया मांडले असता मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. मिशेलिन ची यांच्या १९७८ च्या प्रयोगात बुद्धिबळ जाणणारी मुले पटावरील स्थिती स्मरण्यात प्रौढांपेक्षा सरस ठरली. परंतु अंकांच्या स्मरणात प्रौढच पुढे होते. खेळाने वाढणारी स्मृती बव्हंशी त्या खेळापुरती असते, असे यावरून दिसते.

जोव्हानी साला व फर्नांद गोबे यांनी २०१६ मध्ये २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात बुद्धिबळ शिकलेल्या मुलांच्या प्रगतीवर माफक अनुकूल परिणाम दिसला व तो वाचनापेक्षा गणितात अधिक होता. तथापि, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांना बहुतेक अभ्यासांत दुसरा कोणताही नवा उपक्रम दिलेला नव्हता. त्यामुळे हा परिणाम बुद्धिबळाचा की केवळ नव्या उपक्रमाच्या उत्साहाचा, हे ठरविता येत नाही, असे त्यांनी नमूद केले. त्याच वर्षी इंग्लंडमधील १०० प्राथमिक शाळांतील सुमारे ४,००० विद्यार्थ्यांवरील चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ३० तासांच्या बुद्धिबळ शिक्षणानंतर एक वर्षाने गणितातील गुणांत कोणताही फरक आढळला नाही.

शालेय अभ्यासक्रमात स्थान

आर्मेनियाने २०११ पासून दुसरी ते चौथीच्या वर्गांत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय केला. युरोपीय संसदेने २०१२ मध्ये शाळांत बुद्धिबळ आणण्याच्या बाजूने घोषणापत्र स्वीकारले. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना पॅरिस येथे २० जुलै १९२४ रोजी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये हाच दिवस जागतिक बुद्धिबळ दिन म्हणून घोषित केला.

महाराष्ट्रातील उदाहरणे

बालपणापासून मिळालेल्या शिक्षणाचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनी. १९७४ मधील पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती यांनी जिंकली. रोहिणी यांनी १९७६ मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय व १९८१ मध्ये आशियाई विजेतेपद मिळविले. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी दहा व बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपदे पटकावली आणि २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळविला.

मर्यादा व दक्षता

बुद्धिबळ शिकल्याने परीक्षेतील गुण वाढतात, हा दावा उपलब्ध पुराव्यांवरून सिद्ध होत नाही. गुणांच्या अपेक्षेने मुलावर सक्ती केल्यास खेळातील आनंद नाहीसा होण्याचा धोका असतो. पहिल्या काही महिन्यांत वारंवार होणारे पराभव हे खेळ सोडण्याचे एक कारण असू शकते. म्हणून समान कौशल्याचा जोडीदार देणे, छोटे डाव खेळविणे व हरलेल्या डावातील चांगली चाल दाखवून देणे हितावह ठरते. या खेळाला शारीरिक बळ लागत नाही. दृष्टिहीन मुलांसाठी खिळीचे मोहरे आणि उंचसखल घरे असलेले पट मिळतात व त्यांवर ती डोळस मुलांबरोबर बरोबरीने खेळू शकतात.